वर्षावासाआधी भरायचा डबा : शेंगदाणे कसे साठवावेत, कोणते फेकून द्यावेत



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन सुरू होते आणि त्याच तीन महिन्यांत आपल्या वस्त्यांत पाणी शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीकाठच्या झोपड्यांचे काय झाले ते मुंबईकर विसरलेले नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले. ज्या महाडात बाबासाहेबांनी १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, त्या महाडात जुलै २०२१ मध्ये घराघरांत पुराचे पाणी होते. आपली वस्ती नाल्याला, नदीला, गावाच्या खालच्या अंगाला असते. ती जागा आपण हौसेने निवडलेली नाही, ती आपल्या वाट्याला ढकलली गेली. म्हणून पाणी आपल्याकडे आधी येते आणि मदतीची गाडी मोठ्या रस्त्यावरच थांबते. ती गल्लीत पोचेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. त्या दिवसांत घरातल्या माणसांनी खायचे काय, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

घरात रेशनचा तांदूळ-गहू असतो, मग अडचण काय, असे काही बहिणी विचारतात. तांदूळ शिजवायला चूल लागते आणि स्वच्छ पाणी लागते. घरात गुडघाभर पाणी असताना शेगडी कुठे मांडणार? गहू तर दळायलाच गिरणी पाहिजे आणि गिरणीला वीज पाहिजे. घरात पोतेभर धान्य असून लेकरे उपाशी, हे पुराच्या दिवसांत घडते. शेंगदाण्याला यातले काहीच लागत नाही. भाजून ठेवलेला दाणा आग, पाणी, भांडे काही न मागता पोटात जातो.

त्याची ताकदही मोठी आहे. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण साडेपाचशे कॅलरी आणि २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मोठ्या माणसाची एक मूठ म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. तेवढ्यात एका अंड्याइतकी प्रथिने मिळतात. यातली बरीचशी ताकद तेलातून येते, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ अन्न मावते. दहा बाय दहाच्या खोलीत ही गोष्ट लहान नाही. मात्र दाण्यात सगळे काही नसते. क जीवनसत्त्व नाही, अ जीवनसत्त्व नाही, आणि प्रथिनांतला लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो हरभऱ्यात भरपूर असतो, म्हणून दाणे आणि फुटाणे एकत्र खाण्याची आपली जुनी सवय अगदी योग्य आहे.

पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी दीड किलो शेंगदाणे, एक किलो फुटाणे आणि एक किलो गूळ एवढा डबा आम्ही सुचवतो. यातून प्रत्येकाला दिवसाला हजार कॅलरींच्या आसपास मिळतात. पोटभर जेवण नव्हे, पण हातपाय चालतात आणि लेकरे रडत झोपत नाहीत. शक्य असेल त्यांनी अर्धा किलो पोहे वेगळे ठेवावेत, ते गार स्वच्छ पाण्यातही भिजतात. एवढा खर्च एकदम झेपत नसेल तर दर आठवड्याच्या बाजारात पाव किलो दाणे जास्त घ्यावेत. सहा आठवड्यांत दीड किलो जमतात. बुद्ध पौर्णिमेपासून सुरुवात केली तर आषाढ पौर्णिमेपर्यंत डबा भरलेला असतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आपण डबा भरला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य हा हक्क आहे, आणि पुरातल्या माणसांना शिजवलेले अन्न व पाणी पोचवणे हे प्रशासनाचे काम आहे. ते मागायचेच. पण तहसील कचेरीत मोर्चा न्यायलासुद्धा अंगात त्राण लागते.

पाणी आधी, दाणे नंतर

दाणे खाल्ले की पाणी जास्त लागते. प्रथिनांचा निचरा मूत्रपिंडातून होतो आणि त्याला पाणी खर्च होते. म्हणून साठवणीत खारे दाणे ठेवू नयेत, साधे ठेवावेत. माणशी दिवसाला दोन-तीन लिटर प्यायचे पाणी धरले तर पाच जणांना तीन दिवसांचे तीस ते पंचेचाळीस लिटर होते. एवढे साठवायला जागा नसेल तर निदान दोन कॅन झाकून उंचावर ठेवा आणि सोबत मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. किती थेंब, किती गोळ्या हे बाटलीवर, पाकिटावर लिहिलेले असते, तेवढेच घाला. प्यायला पाणी अजिबात नसेल तर दाण्यांवर ताव मारू नका, थोडे थोडे खा.

विदर्भातल्या आपल्या घरांना हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण आपल्या समाजात तिथे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले की हाडे फोडणारी वेदना सुरू होते. अशा घरात पाण्याचा कॅन दाण्याच्या डब्याच्याही आधी भरायचा आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांची आठ दिवसांची पुडी डब्यासोबत ठेवायची. दाण्यात फॉलेट असते हे खरे, पण म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी बंद करायची नाही.

दाणा कोणता घ्यावा

टरफलातली शेंग सर्वांत जास्त टिकते. टरफल हे तिचे स्वतःचे पाकीट आहे. जागा असेल तर शेंगाच ठेवा. कानाजवळ हलवल्यावर आत दाणा खुळखुळला म्हणजे शेंग वाळलेली आहे. दाणे घेत असाल तर एक दाणा दाताखाली धरा, तो कट्ट करून तुटला पाहिजे. चामट लागला, दबला, तर त्यात ओल आहे. उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये बाजारात येतो आणि पाऊस आला की शेतकरी घाईने माल काढतो. त्या घाईत पुरता न वाळलेला माल स्वस्तात वस्तीपर्यंत येतो. साठवणीसाठी तो नको. लगेच उकडून खायला घ्या, हवा तर.

आणलेला माल कोरडा वाटला तरी एक-दोन सकाळी पातळ कापडाखाली परातीत उन्हात ठेवावा. मग सावलीत पूर्ण गार करावा आणि तेव्हाच डब्यात भरावा. गरम माल भरला की झाकणाला आतून घाम सुटतो आणि तो घाम दाण्यांवरच पडतो. इतकी मेहनत केलेला माल नेमका या घाईने वाया जातो.

डबा घट्ट झाकणाचा, स्टीलचा किंवा पत्र्याचा असावा. विकत घेणे शक्य नसेल तर थंड पेयाच्या मोठ्या बाटल्या धुऊन, दोन दिवस उलट्या वाळवून वापराव्यात. त्यांचे बूच हवा आत जाऊ देत नाही. फिनाईल, रंग, शेतीच्या औषधाचे डबे कितीही धुतले तरी वापरायचे नाहीत. पिशवीत ठेवले तर उंदीर येणारच. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो आणि पुराच्या पाण्यात त्याचा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून उंदराला घरात बोलावणारी प्रत्येक उघडी पिशवी हा आजाराचाही प्रश्न आहे. डबा जमिनीवर नको, ओल धरणाऱ्या भिंतीला लागून नको, आणि पत्र्याच्या छताखालच्या पोटमाळ्यावरही नको. तिथे उन्हाने तेल तापून दाणे लवकर खवट होतात. मधल्या उंचीची फळी बरी. पाऊस वाढला की डबा दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून वर चढवायचा.

कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात. घालायला हरकत नाही, पण पाला ओलसर असेल तर उलटा त्रास, आणि पाल्याने बुरशी थांबत नाही. बोरिक पावडर चोळू नका. गोदामात धान्यात ठेवतात त्या ‘सेल्फॉस’सारख्या गोळ्या तर घरात आणूच नका. त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेले अख्खे कुटुंब त्याने मरू शकते.

कच्चे, वाळलेले दाणे अशा डब्यात तीन-चार महिने चांगले राहतात, शेंगा त्याहून जास्त. भाजलेले दाणे पावसाळी हवेत तीन-चार आठवडे, कूट आठवडाभर. म्हणून मोठा साठा कच्चा ठेवायचा आणि त्यातला पाव-अर्धा किलो भाजून वेगळ्या बरणीत. ती बरणी रोजच्या पोह्यांत, भाजीत वापरून संपवायची आणि पुन्हा भरायची. ‘संकटासाठी’ म्हणून बाजूला ठेवलेला आणि विसरलेला डबा संकटाच्या दिवशी उघडला की आत जाळी आणि खवट वास निघतो.

बुरशीचे विष

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ते. ओलसर दाण्यावर पिवळसर-हिरवी बुरशी येते. अस्परजिलस जातीची ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या अचानक मेल्या. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती, तिच्यातून या विषाचा शोध लागला. माणसांवरचा परिणाम आपल्याच देशात दिसला. १९७४ साली राजस्थानातले बांसवाडा आणि गुजरातेतले पंचमहाल या भागांत अवेळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. दुसरे धान्य घरात नव्हते. कावीळ होऊन, पोटात पाणी भरून शंभराच्या आसपास माणसे मेली. तिथे मका होता, पण भुईमुगावर वाढणारी बुरशी तीच आणि विषही तेच.

एकाच वेळी पुष्कळ विष गेले तर असे होते. थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्याच्या अंगात हिपॅटायटिस-बी, म्हणजे ब प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे, त्याला हा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बीची लस टोचून घ्या. पुढचे डोस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतात. सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत आहे. दाण्याच्या लेखात लस कुठून आली असे वाटेल, पण यकृत एकच असते.

भाजले की विष जाते, हा समज वस्तीत सगळीकडे आहे. तो खोटा आहे. बुरशी मरते, पण विष भाजून किंवा उकळून पूर्ण जात नाही. किडका, काळा दाणा भाजून, तिखट-मीठ लावून चटणीत घातला की चव झाकली जाते, विष झाकले जात नाही. आणि स्वस्त कूट, स्वस्त चिक्की, हातगाडीवरचे मसाला दाणे यांत असाच फेकायचा माल जिरवला जातो. आमचा सल्ला असा, की कूट विकत आणू नका. दाणा डोळ्यांना दिसतो, कुटात काय दळले ते दिसत नाही.

निवडणे हाच उपाय आहे. दाणे परातीत पसरून उजेडात बसायचे. सुरकुतलेले, काळपट, आतून पिवळे-हिरवे पडलेले, छिद्राचे, पावडर धरलेले बाजूला काढायचे. तुटक्या दाण्यांत बुरशी लवकर शिरते, ते साठवणीत ठेवायचे नाहीत. चांगले असले तर त्याच दिवशी वापरावेत. खाताना एखादा कडू लागला तर शिष्टाचार न पाळता थुंकायचा आणि चूळ भरायची. लेकरांनाही हे शिकवावे. मूठभर दाणे फेकताना जीव तुटतो हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्या आयांनी सांडलेला दाणासुद्धा वेचून खाल्लेला आहे. तरी हा दाणा कोंबडीला, बकरीलाही घालू नका. विष त्यांनाही बाधते आणि दुधातून परत आपल्याकडे येते. बुरशी पूर्ण डब्यात पसरली असेल तर निवडत बसू नका, सगळा माल टाका. पुराचे पाणी लागलेला डबा, अगदी फिरकीच्या झाकणाची बंद बरणीसुद्धा, टाकूनच द्यावी. फटीतून गटाराचे पाणी आत गेलेले कळत नाही.

पीनट बटर, आणि आपली चटणी

मुले जाहिरात पाहून पीनट बटर मागतात. ते म्हणजे भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत वाटलेला गोळा, बाकी त्यात जादू नाही. सीलबंद बरणी बरेच महिने टिकते, चमच्याने खाता येते, दात नसलेल्या म्हाताऱ्यांना चालते, हे गुण खरे. पण तेवढ्या पैशांत दाणे बरेच जास्त येतात. घेतलीच तर तारीख पाहा आणि साखर, पामतेल किती आहे तेही वाचा. घरी करायचे तर निवडलेले दाणे मंद भाजून, साले काढून, गार करून मिक्सरला थांबत थांबत फिरवा. आधी कूट होते, मग गोळा, मग तेल सुटून मऊ लगदा. पाण्याचा एक थेंबही घालू नका. पाणी नसते म्हणूनच त्यात जंतू वाढत नाहीत. मात्र ओल्या चमच्याने किंवा घाणेरड्या हाताने आत गेलेले जंतू मरतही नाहीत, ते तसेच राहतात. कोरडा चमचा, कोरडी बरणी, आणि घरचा लगदा दोन-तीन आठवड्यांत संपवायचा. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली सोलापुरी दाण्याची चटणी ही त्याचीच बहीण. साठवायची असेल तेव्हा तिच्यात लसूण घालू नका, ओल्या लसणाने ती लवकर बिघडते.

पीनट बटरचा शोध जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी लावला असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही, पण त्यांचे खरे काम त्याहून मोठे आहे. गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ अलाबामातल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवत होता. कापसाने जमीन खाल्लेली, शेतकरी कर्जात बुडालेला, आणि जेवणात प्रथिने नाहीत, अशा काळ्या शेतकऱ्यांना त्यांनी भुईमूग लावायला सांगितले. तो जमिनीला नत्र देतो आणि घराला अन्न. १९१६ साली त्यांनी शेंगदाण्याचे १०५ पदार्थ करायच्या रीती छापून काढल्या. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आपल्या विहाराच्या वाचनालयात नसेल तर जरूर आणा.

याच दाण्याच्या लगद्यात दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे मिसळून १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआँ या बालरोगतज्ज्ञाच्या कल्पनेतून ‘प्लम्पीनट’ तयार झाले. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी असतात. पाणी मिसळावे लागत नसल्यामुळे आफ्रिकेतल्या दुष्काळात आयांना ते घरीच मुलांना देता आले. आपल्याकडे बाहेरच्या पाकिटांवर वाद आहे आणि तो असायलाही हवा. पण घरचा दाण्याचा लाडू म्हणजे ते औषध नव्हे, हेही लक्षात ठेवा. मूल फार वाळले असेल, दंडाचा घेर कमी भरत असेल, पायावर सूज असेल, तर अंगणवाडी सेविकेला, आशाताईला दाखवून पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे. लाडू भरवत घरी बसायचे नाही.

कोणाला कसे द्यावे

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका. वॉर्डात काम करताना आम्ही श्वासनलिकेत दाणा अडकलेली लेकरे पाहिली आहेत. हसता हसता, धावता धावता दाणा आत जातो, मूल निळे पडते, दुर्बिणीने काढावा लागतो. पूर आलेल्या वस्तीतून ते मूल दवाखान्यात कसे नेणार? लहान मुलांना बारीक कूट गुळात मळून किंवा पेजेत घालून द्यावे. घट्ट लगद्याचा मोठा गोळाही तोंडात कोंबू नये, घशाला चिकटतो. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला फक्त आईचे दूध, पुरातही. त्या आईच्या हातात मात्र दाण्याची मूठ सर्वांत आधी द्यावी आणि पाण्याचा पेला पण.

क्वचित कोणाला दाणा सोसत नाही. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. जुलाब लागलेल्याला आधी ओआरएस आणि हलके अन्न द्यावे, दाणे नंतर. मधुमेहाच्या रुग्णाला दाणे-फुटाणे चालतात, गूळ बेताने. पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी राहून साखर उतरली, घाम आणि थरथर सुटली, तर तोच गूळ लगेच तोंडात घालायचा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किती दाणे चालतील हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ज्यांच्या घरात फळीलाही जागा नाही त्यांच्यासाठी विहार आहे. बचत गटाने किंवा महिला मंडळाने मिळून घाऊक बाजारातून पोते आणले तर स्वस्त पडते, आणि दहा बाया एकत्र निवडायला बसल्या की एका दुपारचे काम होते. विहारात खाण्याचे डबे कशाला, असे एखादे बुजुर्ग म्हणतील. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून दमून, उपाशीपोटी तो ऐकायला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. तेव्हा विहाराच्या कपाटात शेंगदाण्याचा डबा ठेवायला अडचण नसावी. डब्यावर भरल्याची तारीख खडूने लिहा. वर्षावासात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर झाकण उघडून वास घ्या आणि दहा दाणे फोडून पाहा. आश्विन पौर्णिमेला उरलेला चांगला माल वाटून खाऊन संपवा. त्याच सुमारास खरिपाच्या नव्या शेंगा बाजारात येऊ लागतात. कपाटाच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरी असाव्यात, त्यातले एक घर उंचावरचे असावे.